नाव येणार नाही, ताई

विमलताईंची स्वयंपाकाची कामं माझ्यामुळे गेली. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली. आधी मी 'काही अनवधानाने घडलेल्या गोष्टींमुळे' असं म्हणत असे. पुढे 'आमच्या अभ्यासामुळे' म्हणायला लागलो. अभ्यास आपणहून कुणाचं काम घालवत नाही. तो करणारा माणूस घालवतो, आणि तो माणूस मी होतो.

विमलताई हे त्यांचं खरं नाव नाही. पण या खेपेला ते त्यांनी स्वतः निवडलं आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाचे अनुभव लिहा' म्हटलं, तेव्हा मी आधी विमलताईंकडे गेलो आणि लिहून झाल्यावर पुन्हा त्यांना आणि त्यांच्या मुलीला सगळं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी 'हे काढा' म्हटलं, ते काढलं. परवानगी दिली म्हणजे माफ केलं असं समजू नका, असं मुलीने बजावलं. आणि हेही लेखात लिहा, म्हणाली.

माझं काम लोकांना बोलतं करायचं. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. दारोदार जाऊन 'हो', 'नाही', 'माहीत नाही' अशा चौकटींत खुणा करणारे वेगळे. आम्ही एकाच माणसासमोर तासभर बसतो, रेकॉर्डर लावतो आणि त्याला त्याच्या शब्दांत बोलू देतो. मग ते शब्दशः उतरवून काढायचं, पुन्हा पुन्हा वाचायचं, आणि लोक कसे जगतात, कशाला भितात, काय झाकून ठेवतात ते मांडायचं. माझी बायको सुरुवातीला पाहुण्यांना सांगायची की हे लोकांच्या घरी जाऊन गप्पा मारतात आणि त्याचा पगार घेतात. फारसं चूक नव्हतं.

या कामात मी बरा होतो. म्हणजे लोक माझ्याशी बोलायचे. त्यातली युक्ती साधी आहे. माणसाचं बोलून झालं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. गप्प बसायचं, चहाचा कप हातात धरून ठेवायचा. समोरच्याला ती शांतता अवघड होते आणि जे सांगायचं नव्हतं ते तो सांगून टाकतो. दुसरी गोष्ट, रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच उठायचं नाही. खरं बोलणं पुष्कळदा तेव्हाच सुरू होतं. चपला घालताना, जिन्यापर्यंत सोडायला येताना. ते डोक्यात साठवायचं आणि रिक्षात बसल्याबरोबर लिहून काढायचं. नव्या मुलामुलींना मी हे मोठ्या हौसेने शिकवायचो. एकदा एका मुलीने विचारलं, सर, ही फसवणूक नाही का? मी म्हणालो, नाही, याला ऐकणं म्हणतात. वर्गात सगळे हसले. तीही हसली, म्हणून मी विषय तिथेच सोडला.

नवी मुंबईत हे काम करताना एका दिवसात माझी वागणूक दोनदा बदलायची. सकाळी एखाद्या टॉवरमध्ये जायचं असेल तर आधी फोन, मग मेसेज, मग गेटवर वॉचमन इंटरकॉमवरून विचारणार. वर गेल्यावर मॅडम विचारणार, किती वेळ लागेल, हे कुठे वापरणार, मिस्टरांच्या कंपनीचं नाव तर येणार नाही ना. संमतीचा कागद दोनदा वाचणार, एखादं वाक्य खोडायला लावणार. मी सोफ्याच्या कडेला बसून 'हो मॅडम, नक्की मॅडम' करायचो. दुपारी चाळीतल्या खोलीत गेलो की दार उघडंच असायचं. आत येऊ का, हे विचारायच्या आत घरातली एकुलती खुर्ची पुसून माझ्यापुढे यायची. कागद पुढे केला की एकच प्रश्न, 'कुठं सही करू?' तो ऐकला की मला हायसं वाटायचं. चला, इथे पटकन होणार. 'कुठं सही करू' म्हणजे संमती नव्हे, हे मी वाचलं होतं. शिकवतही होतो.

एकदाच एका माणसाने मला सरळ केलं. ते तळवलीचे नाना. मूळचे गावकरी, शेती शहरात गेली, त्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. ते गंजीफ्रॉक घालून ओटीवर बसले होते. मी पहिला प्रश्न विचारला तर म्हणाले, "आदी तू सांग. तुजा घर कुठं हाय? सोताचा हाय का भाड्याचा? बायकोशी भांडतंस का?" मी सगळी उत्तरं दिली. बायकोच्या प्रश्नाला जरा वेळ लागला, तर ते गप्प बसून माझ्याकडे बघत राहिले. माझीच युक्ती माझ्यावर. शेवटी कागदावर सही मागितली तर म्हणाले, "काय लिवलंस ते वाचून दाखव. मंगच सही."

मग मी सगळं उतरवून पुढच्या आठवड्यात परत गेलो आणि ओटीवर बसून वाचून दाखवलं. भावाच्या वाटणीचा भाग आला तसा त्यांनी हात वर केला. "ह्या काढून टाक. माजा भाऊस वाचनारा नाय, पन त्याचा नातू वाचंल." मी काढून टाकलं. ऑफिसात हा किस्सा मी खूपदा रंगवून सांगितला.

आता त्यातलं मला टोचणारं सांगतो. उतरवून काढलेली मुलाखत त्या माणसाला दाखवायची, त्याला नको असेल ते काढायचं, ही आमच्या धंद्यातली चांगली रीत आहे. आम्हीही ती पाळायचो. मेलवर पाठवायचो. ज्यांच्याकडे मेल होता त्यांना. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न ऑफिसात कधी निघाला नाही, आणि नानांसमोर मोठ्याने वाचून आलेला मी, मलाही तो सुचला नाही. नाना दरडावू शकत होते म्हणून त्यांना वाचून दाखवलं. ज्यांनी खुर्ची पुसून दिली त्यांना नाही.

विमलताईंची भेट कामोठ्यात झाली. घरकाम करणाऱ्या बायका आणि त्यांना कामावर ठेवणारी घरं असा आमचा अभ्यास होता. एका मोठ्या सोसायटीतल्या एका मॅडमची मुलाखत मी आधी घेतली. अगत्यशील बाई. बोलणं छान झालं. रेकॉर्डर बंद केल्यावर मी सवयीप्रमाणे रेंगाळलो, तशा त्या आवाज खाली आणून म्हणाल्या की सासूबाई आहेत तोवर स्वयंपाकाच्या बाईची जात विचारूनच ठेवावी लागते, मला स्वतःला काही नाही. आणि लगेच, "हे घेऊ नका हं." मी म्हणालो, अजिबात नाही मॅडम. आणि खरंच घेतलं नाही. रिक्षात बसल्यावरसुद्धा लिहिलं नाही. त्यांचा मजकूर मेलवर गेला, तेव्हा त्यांनी आणखीही बरंच काढलं. तेही मी निमूट काढलं.

निघताना त्या म्हणाल्या, आमच्या विमलची घ्या ना मुलाखत, फार गुणाची आहे, मी सांगते तिला. मला सोयीचं झालं. जिच्या हातात आपलं काम आहे तिने 'जा, मुलाखत दे' म्हटल्यावर बाई नाही कशी म्हणणार, हा विचार तेव्हा शिवला नाही.

विमलताई परभणीकडच्या. नवरा गावी राहायचा, इथे त्या आणि शाळेत जाणारी मुलगी. त्यांच्या एका खोलीच्या घरी दुपारी गेलो. त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवली. वरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर. माझी नजर तिकडे गेली आणि मग टिकलीकडे. मी मुलाखत पूर्ण केली, रेकॉर्डर बंद केला, आणि गप्प बसून राहिलो.

"बघितलं ना भाऊ तुमी?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"तिकडं मी दुसरं आडनाव सांगितलंय. काय करावं? झाडू-फरशीला ठेवतेत, भांड्याला ठेवतेत. स्वयंपाकाचं म्हनलं की पहिलं आडनाव विचारतेत. आता मॅडमच्या घरी गौरीला पुरनपोळ्या माझ्याच हातच्या लागतेत. त्यांच्या सासूबाई म्हनतेत, विमल, तुझ्या हाताला देवाचा गुन हाय." त्या हसल्या, पण लगेच दाराकडे बघून घेतलं. "पोरीला ठाऊक न्हाई हे. तिला लई अभिमान हाय आपल्या नावाचा. कळलं तर तोंड फिरवील. हे कुठं येऊ देऊ नका, भाऊ."

मी म्हणालो, "नाव येणार नाही, ताई."

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी मागितलं होतं की ही गोष्ट कुठे येऊ नये. मी आश्वासन दिलं नावाचं. नाव न येणं आणि गोष्ट न येणं यात केवढं अंतर आहे, ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला पक्कं ठाऊक होतं. तेच सांगून तर मी पोट भरत होतो.

रिक्षात बसल्याबरोबर मी सगळं लिहून काढलं, टिकलीसकट.

अहवालात ही गोष्ट एका परिच्छेदात आली. नाव बदललं होतं. गाव बदललं होतं. मी त्याबाबतीत काटेकोर होतो. पुरणपोळ्या मात्र तशाच ठेवल्या, कारण त्यांच्याशिवाय परिच्छेदात जीव राहत नव्हता. आमच्या साहेबांनी तो भाग मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला आणि म्हणाले, अख्खा रिपोर्ट एकीकडे आणि हे एकीकडे. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

छापील अहवाल तयार झाल्यावर सहभागी झालेल्या सगळ्यांना आभार मानून त्याची प्रत मेल करायची, असं ठरलं. सगळ्यांना म्हणजे पुन्हा ज्यांचा मेल होता त्यांना. तो मेल मीच पाठवला. यादीत सगळी टॉवरमधली घरं होती. एकाही कामवाल्या बाईला तो जाणार नव्हता. बटण दाबताना माझ्या मनात एवढंच होतं की शुक्रवारच्या आत एक काम हातावेगळं झालं.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. रागावलेल्या नव्हत्या. दुखावल्यासारख्या होत्या.

"मला जातीचं काही नाही, तुम्हाला माहीत आहे. पण इतकी वर्षं खोटं बोलली ती आमच्याशी."

मी म्हणालो, मॅडम, ती बाई कुणीही असू शकते.

"गौरीच्या पुरणपोळ्या करणारी आमच्याकडे एकच आहे. आणि मी खात्री करून घेतली आहे." मग थांबून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं. आमच्याकडे चहा घेतलात, आणि कळल्यावर मला एका शब्दाने बोलला नाहीत."

विमलला बंद केलं, असं त्यांनी सांगितलं. मजल्यावरच्या बाकीच्या घरांनीही. सासूबाईंनी स्वयंपाकघर धुऊन घेतलं, हेही सांगितलं, आणि पुन्हा म्हणाल्या, "हे घेऊ नका हं." त्यांचं आधीचं आणि हे, दोन्ही मी आज इथे घेतो आहे. हे मी परवानगीशिवाय करतो आहे, आणि त्याचं ओझं वाहायला तयार आहे.

ऑफिसात सांगितलं. साहेबांनी वेबसाइटवरून तो अहवाल उतरवला, पुरणपोळ्यांच्या जागी 'सणाचे पदार्थ' असं घालून पुन्हा चढवला. प्रकरण मिटलं. मी एकदा कामोठ्याला त्यांच्या खोलीवर गेलो. तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. शेजारीण म्हणाली, त्या करंजाड्याला गेल्या. मी बरं म्हणून जिना उतरलो. खाली आल्यावर जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर काही वर्षं मी हे उदाहरण प्रशिक्षणात वापरलं. 'एका संशोधकाकडून अशी चूक झाली,' अशी सुरुवात करून. चांगलं उदाहरण होतं, लोकांना लगेच समजायचं. या वर्षी एका वर्गात मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, त्या बाईंचं पुढे काय झालं? मी म्हणालो, माहीत नाही. तो म्हणाला, शोधलं नाही का त्या संशोधकाने? मी म्हणालो, प्रयत्न केला असावा.

घरी येऊन मोबाइल पाहिला. त्यांचा नंबर त्यात होताच, पहिल्यापासून. मी लावला. त्यांनीच उचलला, आणि नाव सांगितल्यावर म्हणाल्या, अगोबाई, भाऊ, या की.

करंजाड्याला नव्या इमारतीत त्या भाड्याने राहतात. एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलांना डबे देतात, आपल्या खऱ्या नावाने. मुलगी प्रज्ञा पनवेलला एका लॅबमध्ये लागली आहे. रविवार होता, ती घरीच होती. तिने पाणी आणून दिलं आणि खिडकीपाशी मोबाइल घेऊन बसली. विमलताईंनी मी वाळलो म्हणून काळजी केली, बायकोची चौकशी केली, न विचारता पोहे टाकले. मी प्रवासात एक वाक्य तयार केलं होतं. ते काही निघेना.

मग त्याच कामोठ्याचं बोलायला लागल्या. त्या घरचं काम कसं गेलं, ते. म्हणाल्या, "मी आंघोळीला गेलते. मॅडमचा फोन आला तो हिनं उचलला. मॅडमनी गोड आवाजात विचारलं, बाळा, तुमचं आडनाव काय गं? हिनं सांगितलं. झालं."

"आई, किती वेळा तेच?" प्रज्ञा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली.

"भाऊ काय परके हायेत? हिच्या मनातून जातच न्हाई बघा. हिला वाटतंय हिच्यामुळं गेलं. मी म्हनते, आपलं आडनाव सांगितलंस, त्यात काय पाप केलंस?"

"मग तेव्हा माझ्याशी बोलणं का टाकलं होतंस?"

विमलताईंनी गॅस बारीक केला.

मी गप्प होतो. इतकी वर्षं त्या गप्प बसण्यावर मी पगार घेतला होता. मॅडमनी फोनवर 'खात्री करून घेतली' म्हटलं होतं, त्याचा अर्थ मला आता कळला. ही पोर तेव्हा आठवी-नववीत असेल. अहवाल या घरात कधी आलाच नव्हता. तो वाचूनच मॅडमनी फोन केला, हे दोघींपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. आई मुलीवर रुसली होती, मुलगी स्वतःवर, आणि मी बेलापूरला बसून 'एक संशोधक' असं म्हणत होतो.

"मॅडमना आधीच कळलं होतं," मी म्हणालो. "फोन करायच्या आधीच."

प्रज्ञाने मान वर केली. "कसं काय?"

"आमच्या अहवालात तो उल्लेख राहून गेला होता."

"राहून गेला म्हणजे?"

तिला काहीच माहीत नव्हतं, तरी तिने नेमकं तेवढंच विचारलं. तयार केलेलं वाक्य तिथेच मोडलं.

"मी लिहिला होता," मी म्हणालो.

विमलताई माझ्याकडे वळल्या. "पन भाऊ, तुमी तर म्हनला होता..."

"नाव येणार नाही म्हणालो होतो. तुम्ही नावाचं मागितलंच नव्हतं, ताई."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशा त्या खाली बसल्या. प्रज्ञा उठून त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. मी खुर्चीवरून उठलो, कारण ते बसून बोलवेना.

"प्रज्ञा, आईचं काम तुझ्यामुळे गेलं नाही. तुला कुणी आडनाव विचारलं आणि तू सांगितलंस, बास. ताई, तुम्ही मला म्हणाला होतात, हे कुठं येऊ देऊ नका. मी ते छापलं, कारण ते छापल्यावर माझं कौतुक होणार होतं. ज्यांच्यापासून तुम्हाला ते लपवायचं होतं, त्यांनाच मी ते माझ्या हाताने पाठवलं. तुम्हाला एकदाही वाचून दाखवलं नाही. आणि त्यामुळे काय झालं ते कळल्यावरही सांगायला आलो नाही. तुम्ही दोघी एकमेकींना दोष देत राहिलात. चूक माझी होती, एकट्याची. मला माफ करा."